पटातलं नाव

स्प्रिंग पुन्हा हातातून निसटली आणि खताच्या पोत्यांमागे कुठेतरी जाऊन पडली. संघदीपनं दातांत धरलेला तारेचा आकडा काढला, एक सणसणीत शिवी हासडली आणि रांगत जाऊन पोत्यांच्या फटीत हात घातला.

"हसू नको बे," तो तिथूनच म्हणाला. "टॉर्च मार इकडे."

भूपेंद्र हसतच मोबाइल घेऊन वाकला. हे त्याच्या कृषी केंद्राच्या मागचं गोदाम. पुढे बियाणं आणि औषधं, मागे पोत्यांच्या थप्प्या, आणि थप्प्यांच्या मधोमध एका डगमगत्या टेबलावर ती गाडी. हातभर लांबीची, जाड रबरी चाकांची, रिमोटवर पळणारी. पण बाजारात पोरांना घेऊन देतात त्यातली नव्हे. हिला खरं इंजिन होतं, मुठीत मावेल एवढं, आणि ते मिथेनॉल, नायट्रो आणि एरंडीचं तेल मिसळून केलेल्या इंधनावर चालायचं. भूपेंद्र पुण्यात नोकरीला असताना त्यानं ती तिथल्या कोणाकडून जुनी घेतली होती. पुढे नोकरी सुटली, पुणं सुटलं आणि साहेब गाडीसकट सोनटोल्याला परत आले.

आल्यावर त्याला कळलं की असली गाडी पळवणं सोपं, पण ती चालू ठेवणं हे बारा महिन्यांचं काम आहे. ते काम त्याला सात जन्मांत जमलं नसतं. मग आला संघदीप. शाळेपासूनचा दोस्त, आयटीआय केलेला, जवळच्या मुर्री गावातल्या गॅरेजात मोटारसायकली दुरुस्त करणारा. आता त्या गाडीतला एकही नट असा नव्हता, ज्याला संघदीपचा हात लागलेला नाही. चालवायची कोणी, हा प्रश्न तर आपोआपच सुटला. भूपेंद्रच्या हाती रिमोट दिला की गाडी धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर चढून उलटी व्हायची.

"सापडली?"

"सापडली. आता तू पाइप दाबून धर. हलला त पाहाच."

पाइप नवा होता आणि तो संघदीपचा होता. गाडीबरोबर आलेला सायलेन्सर काळा, बोजड आणि भित्रा. इंजिनाचा सगळा जोर गिळून बसायचा. नवा पाइप अॅल्युमिनियमचा, चकचकीत, मधे पोट फुगलेला आणि दोन्ही टोकांना निमुळता. अशा इंजिनाला पाइप म्हणजे नुसता धूर सोडायचा रस्ता नसतो. त्या फुगलेल्या पोटातून धुराचा धक्का उलटा इंजिनाकडे येतो, आणि तो वेळेवर आला की तेच इंजिन पिसाळल्यासारखं पळतं. संघदीपनं हे सगळं मोबाइलवर पाहून पाहून डोक्यात बसवलं होतं, आणि मग दिवाळीचे नवे कपडे न घेता पाइप मागवला होता.

पण तो काही या गाडीसाठी बनलेला नव्हता. पाइप इंजिनाला जोडणारा जुना बेंड त्याच्या तोंडाला बसेना. नवा बेंड इंजिनाला बसला, तर पाइपचं शेपूट मागच्या टायरला घासायला लागलं. संघदीपनं पाइप तोलून धरणारी तार, म्हणजे हँगर, काढली, पकडीत धरून थोडी थोडी वाकवली, लावून पाहिली, पुन्हा काढली. दुपारपासून हेच चाललं होतं. आता टायर मोकळं फिरत होतं आणि उरल्या होत्या त्या दोन मेल्या स्प्रिंगा, ज्यांनी पाइप आणि बेंड एकमेकांना घट्ट धरून राहायचं असतं.

त्यानं आकडा अडकवला, श्वास रोखला, ओढला. स्प्रिंग बसली. दुसरीही बसली.

"वा रे पठ्ठे," भूपेंद्र म्हणाला.

संघदीपनं पाइपच्या निप्पलवर सिलिकॉनची बारीक नळी चढवली आणि तिचं दुसरं टोक इंधनाच्या टाकीला जोडलं. पाइपातला दाब टाकीत गेला की इंधन इंजिनाकडे ढकललं जातं. ही नळी निसटली की भर वेगात इंजिन उपाशी मरतं. त्यानं ती दोनदा ओढून पाहिली आणि तापल्या पाइपला चिकटू नये म्हणून वळसा देऊन तारेनं बांधली.

"उद्या जिंकलो त माइकवर नाव तुहं सांगतो," भूपेंद्र एकदम म्हणाला.

संघदीपनं मान वर केली नाही. तो पाना पुसत राहिला, पुसून झाल्यावरही.

"गाडी तुही आहे," तो म्हणाला.

"असन. पाइप तुहा, मेहनत तुही, चालवणार तू. मी काय करतो, टॉर्च धरतो. माइकवाल्या गोवर्धनले सांगतो मी, संघदीप रामटेके म्हन म्हनून. पक्का."

"पाहू."

"पाहू काय बे, पक्का म्हटलं ना."

सोनटोल्याच्या माणसाला या बोलण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. बाहेरच्याला सांगावा लागतो. सोनटोल्यात दरवर्षी धान निघाल्यावर शेताच्या मोकळ्या बांध्यांमध्ये शंकरपट भरतो, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. जोडी जिंकली की भोंग्यावरून नाव घेतात ते जोडीच्या मालकाचं. फेटा मालकाला, फोटो मालकाचा. जो रेंगी नावाच्या हलक्या गाड्यावर उभा राहून, जीव मुठीत धरून जोडी हाकलतो, तो धुरकरी. त्याचं नाव कोणी घेत नाही. त्याच्या खांद्यावर समितीतर्फे एक दुपट्टा टाकतात, आणि तो पाणी पाजायला बैलांकडे निघून जातो.

संघदीपचे बाबा शालिकराम हे धुरकरी होते. भूपेंद्रचे वडील गोपीचंद रहांगडाले, त्यांची बादल-तुफानची जोडी शालिकरामनं सगळा जिल्हा आणि पलीकडचा बालाघाट पालथा घालून जिंकवली. आजही जुनी माणसं गोपीचंदांची जोडी म्हणून डोळे मिटून आठवण काढतात. शालिकरामचा खांदा एका पटात निखळला तो कायमचा वाकडा राहिला, त्याची आठवण कोणी काढत नाही. मधे एक वर्ष जोडी दुसऱ्याच धुरकऱ्याच्या हाती होती. त्या वर्षी शालिकराम पटाच्या दिवशी घराबाहेर पडला नाही. का, ते संघदीपनं आईला एकदा विचारलं होतं. तिनं त्याला तांदूळ निवडायला बसवलं होतं.

लहानपणी संघदीप त्या मैदानात बाबांचं नाव ऐकायला कान टवकारून उभा राहायचा. दरवर्षी वाटायचं, या खेपेला घेतील. पुढे मोठा झाला, मोर्च्यांत गेला, चार पुस्तकं वाचली, आणि त्याला त्या भोंग्याचा राग यायला लागला. आता यंदा समितीनं पटाच्या शेवटच्या दिवशी रिमोटच्या गाड्यांचा पट ठेवला होता. नागपूर, रायपूर, बालाघाटकडून गाड्या येणार होत्या. संघदीपला बक्षीस नको होतं, फेटाही नको होता. त्याच मैदानात, त्याच भोंग्यावरून रामटेके हे आडनाव त्याला एकदा ऐकायचं होतं. वेडेपणा म्हणायचा तर म्हणा, पण त्याला ते हवं होतं आणि बाबांच्या देखत हवं होतं.

ऊन उतरताना गाडी भूपेंद्रच्या घरच्या अंगणात आणली. संघदीपनं इंजिन पेटवणाऱ्या ग्लो प्लगला बॅटरीचा चटका दिला आणि दोरी ओढली. इंजिन खोकललं, विझलं, पुन्हा खोकललं आणि मग असं काही किंचाळलं की गोठ्यातली गाय दावणीला हिसके द्यायला लागली. भूपेंद्रची आई कुंदाबाई पदराला हात पुसत दारात आल्या.

"काय लावलं रे हे? कान गेले माझे."

"नवा पाइप आहे, काकू," संघदीप ओरडून म्हणाला. त्याच्या तोंडावरचं हसू त्याला आवरत नव्हतं.

त्यानं बोट थुंकीनं ओलं करून इंजिनाच्या डोक्यावर टेकवलं. चर्र झालं. पाइप बदलला की इंजिनाची भूक बदलते. जुन्या मापात इंधन कमी पडतं आणि इंजिन तापून बसतं. त्यानं कार्बोरेटरचा स्क्रू जरासा सैल केला, गाडी अंगणात फिरवली, पुन्हा बोट लावलं. आता ठीक होतं. एरंडीच्या तेलाचा गोडसर धूर तुळशीपर्यंत पसरला.

कुंपणाशी शालिकराम येऊन उभा होता. वाकड्या खांद्यावर दुपट्टा, हातात चपला. गोपीचंदांच्या अंगणात तो अजून चपला काढूनच येई. संघदीपला त्याची चीड यायची आणि तो दर वेळी दुसरीकडे पाहायचा.

घरी जाताना दोघं बांधावरून चालले.

"पळते मंग?" शालिकरामनं विचारलं.

"पळते. उद्या पाहा तुम्ही."

"नागपूरवाले भारी असतीन."

"असू द्या."

शालिकरामनं एका खांद्यावरचा दुपट्टा दुसऱ्यावर घेतला.

"जिंकली त नाव गोपीचंदभाऊचं घेतीन का भूपेंदरचं?"

"माहं," संघदीप म्हणाला.

"तुहं?"

"हो. माहं."

"कोन म्हनलं?"

"भूपेंदर म्हनला. पक्का म्हनला."

शालिकराम थांबला. वाटलं, काही बोलेल. पण त्यानं पायातला काटा काढल्यासारखं केलं आणि पुन्हा चालायला लागला. संघदीपला वाटलं, बाबांना भरून आलं असेल. त्यालाही जरा भरून आलं होतं, म्हणून त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बांध्या माणसांनी फुलल्या होत्या. सकाळी बैलजोड्या पळून झाल्या, आणि दुपारी त्याच दोन पट्ट्यांवर रिमोटच्या गाड्या उतरल्या. रीत पटाचीच ठेवली होती. एका वेळी दोन गाड्या, सरळ रेषेत, जी आधी दोरी ओलांडेल ती पुढे. चालवणाऱ्यांना लांबपर्यंत दिसावं म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभं केलं होतं. नागपूरवाले एकसारखे टी-शर्ट घालून आले होते, त्यांच्या निळ्या गाडीवर स्टिकरांना जागा उरली नव्हती. त्यांच्यातला एकजण येऊन संघदीपच्या गाडीशी उकिडवा बसला.

"पाइप किसने बिठाया?"

"मैंने."

"हँगर घर का बनाया क्या?" तो म्हणाला आणि बाकीच्यांकडे पाहून हसला. संघदीपनं स्प्रिंगांवरून एकदा बोट फिरवलं.

मंडपात पहिल्या रांगेत गोपीचंद बसले होते, पांढऱ्या धोतरात, काठीवर दोन्ही हात ठेवून. त्यांच्या बाजूला माइक घेऊन गोवर्धन. हा गोवर्धन म्हणजे पटाचा आवाज. अर्धं हिंदी, अर्धं मराठी, आणि दम घ्यायला थांबणं माहीत नाही. मंडपाच्या खांबाशी खाली जमिनीवर जुने धुरकरी बसले होते, त्यांच्यात शालिकराम.

सुरुवातीला गोवर्धन गाड्यांना गावाच्या नावानंच पुकारत होता. "सोनटोला विरुद्ध बालाघाट, देखिए भाइयो, सोनटोला निकल गया." बालाघाटची गाडी वाटेतच उलटली. रायपूरच्या गाडीचं इंजिन चालूच झालं नाही. उरले नागपूरवाले.

शेवटच्या दौडीला निळी गाडी झेंडा पडताच सुटली आणि चांगली पुढे गेली. लोक हळहळले. संघदीपनं रिमोटचं बटण एकदम दाबलं नाही. या पाइपाची खोड त्याला ठाऊक होती: तो आधी आळस करतो, आणि इंजिन एका सुरावर चढलं की मग जागा होतो. अर्ध्या पट्टीवर तो सूर लागला. आवाज एकदम पातळ झाला, धारदार झाला, आणि संघदीपची लाल गाडी निळीला खात खात पुढे सरकली. दोरी ओलांडली तेव्हा दोघींत हातभराचं अंतर होतं. लाल गाडी पुढे होती.

संघदीप ओरडला की नाही ते त्याला आठवत नाही. ट्रॉलीवरून उडी मारण्याआधी त्यानं मंडपाकडे पाहिलं. भूपेंद्र धावत गोवर्धनजवळ पोचला होता, त्याच्या खांद्यावर हात ठेवून कानाशी काही सांगत होता. गोवर्धन मान हलवत होता. एवढं पाहून संघदीप पळाला, कारण गाडी दोरीपलीकडच्या तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगात घुसली होती आणि तापलेला पाइप तणसात म्हणजे आगीला आमंत्रण. त्यानं तणीस दोन्ही हातांनी बाजूला फेकलं, पाइपच्या तोंडावर चिंधी दाबून इंजिन गुदमरवलं आणि तिथेच गुडघ्यांवर बसून राहिला. धुरानं डोळ्यांतून पाणी येत होतं. बरं झालं, त्याला वाटलं, आता कोणी पाहिलं तरी धूर म्हणता येईल.

भोंगा खरखरला. कोणीतरी माइकवर हात ठेवावा तसा आवाज घुसमटला, आणि मग मोकळा झाला.

"तो भाइयो और बहनो, पहिल्या रिमोट पटाचे प्रथम मानकरी, सोनटोल्याचे नामवंत पटवाले श्रीमान गोपीचंदजी रहांगडाले यांचे सुपुत्र, भूपेंद्र गोपीचंद रहांगडाले. जोरदार तालियां होऊन जाऊ द्या. आणि हो, धुरकऱ्यासाठी समितीतर्फे एक दुपट्टा. धुरकऱ्यानं दुपट्टा घेऊन जावा."

टाळ्या पडल्या. संघदीप तणसात बसून होता. लांबून त्याला दिसलं की गोपीचंदांच्या डोक्यावर फेटा चढतो आहे, भूपेंद्रच्या हातात ढाल देत आहेत, फोटोवाला त्यांना जवळ सरका म्हणतो आहे. भूपेंद्र सरकला.

फोटो निघताच भूपेंद्र ढाल काखेत मारून धावत आला, तेव्हा संघदीप ट्रॉलीच्या आडोशाला बसून पाइप सोडवत होता. स्प्रिंगा निघाल्या होत्या. बोटं भाजली होती, तरी तो पाना सोडत नव्हता.

"काय करून राहिला बे?"

"माहा पाइप काढून राहिलो."

"संघ्या, ऐक. म्या त्याले तुहंच नाव सांगितलं होतं. कसम घेऊन सांगतो. त्यानं काऊन असं म्हटलं, मले—"

"मंग उठून म्हनाचं होतं. ढाल घ्याले कसा उठला?"

"अबे, बाबूजी बसून होते समोर. सगळ्या गावासमोर काय म्हनू मी? चल गोवर्धनकडे, आत्ता विचारू."

"विचाराची गरज नाही," संघदीप म्हणाला. त्यानं नळी उपटली. टाकीतलं इंधन चाकावर सांडलं. "रगत एकच आहे न. तुह्या बापानं माह्या बापाले जिंदगीभर एकेक दुपट्टा दिला. तू मले दिला. फरक काय?"

भूपेंद्रचा चेहरा उतरला आणि मग हळूहळू कडक झाला.

"बापावर जायचं काम नाही."

"गेलो. काय करशील?"

"गाडीले हात लावू नको मंग," भूपेंद्र म्हणाला. "पाइप तुहा आहे, घेऊन जाय. यापुढे गोदामात पाय ठेवू नको. मले पन समजते, माहा दोस्त कोन आहे न कोन नाही."

"ठेवतो कायले पाय," संघदीप म्हणाला.

भूपेंद्रनं बिनपाइपची गाडी उचलली. इंजिनाच्या तोंडातून तेलाचा एक ओघळ त्याच्या पांढऱ्या शर्टावर उतरला, ते त्यानं पाहिलंही नाही. तो गर्दीतून गेला. त्यानं मागे वळून पाहावं असं संघदीपला वाटलं, आणि तसं वाटल्याचा त्याला आणखी राग आला.

शालिकराम मोटारसायकलीपाशी वाट पाहत उभा होता. त्याच्या खांद्यावर जुन्या दुपट्ट्यावर एक नवा, घडी न मोडलेला दुपट्टा होता.

"तू आला नाहीस, म्हनून म्या घेतला," तो म्हणाला. "हे काय? पाइप साफ कराले काढला काय?"

"हो."

"आन इकडे. गरम आहे, बोटं भाजून घेतले न."

त्यानं नवा दुपट्टा उलगडला, पाइप त्यात गुंडाळला आणि मागच्या सीटवर बसून मांडीवर घेतला. मोटारसायकल निघाली. मैदान मागे पडलं, भोंग्याचा आवाज मागे पडला, दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाचे खुंट लागले. शालिकराम आज बोलत होता. एवढं तो एरवी महिन्यात बोलत नसे.

"काय पळली बाबू. अर्ध्यात मले वाटलं गेली आता, न मंग अशी निघाली. आमचा तुफान असाच होता. आधी दुसऱ्याले पुढे जाऊ द्याचा."

संघदीपनं गिअर बदलला.

"गोवर्धन त तुहंच नाव घ्याले गेला होता," शालिकराम म्हणाला. "माइक तोंडापाशी नेला होता त्यानं. म्या उठून त्याचा हात धरला."

मोटारसायकल सरळ चालली होती. संघदीपला आपले हात हँडलवर दिसत होते.

"म्हटलं, बावा, मालकाचं नाव घे. भूपेंदर लेकरू आहे, त्याले समजत नाही. गोपीचंदभाऊ समोर बसून आहेत, त्यांच्या कानावर कशाले पाहिजे हे. गोवर्धन ऐकून राहिला नव्हता पहिले. म्या हात जोडले, तवा ऐकला."

"काऊन?" संघदीपनं विचारलं. त्याचा आवाज वाऱ्यात कुठल्या कुठे गेला असता, पण शालिकरामनं तो ऐकला.

"तू लहान होता तवा गोरेगावकडच्या एका पटात माहं नाव घेतलं होतं भोंग्यावर," तो म्हणाला. "घेनारा भला मानूस होता. त्याले वाटलं, हाकलते हा, त नाव याचं काऊन नाही. जोरात घेतलं. गोपीचंदभाऊ हसले. पाठ थोपटली माही. काहीच म्हनले नाही. दुसऱ्या साली जोडी दुसऱ्याच्या हाती होती."

पुढे पाटाचा पूल आला. संघदीपनं वेग कमी केला.

"ते साल कसं काढलं ते तुह्या मायले माहीत," शालिकराम मागून म्हणाला. "घरात बसून बैलाच्या घंट्या ऐकाच्या. नावाचं काही नाही बाबू, नाव नाही घेतलं त मानूस मरत नाही. पन हातातून जोडी गेली का मंग हाताले काही सुचत नाही. म्हटलं, माह्या पोराच्या हातची गाडी नाही गेली पाहिजे."

पूल संपला. खाली पाटात पाणी नव्हतं, चिखलात बगळे उभे होते. संघदीपचं भाजलेलं बोट क्लचवर होतं आणि ते त्यानं तसंच दाबून धरलं.

"थंडा झाला आता," शालिकराम दुपट्ट्यावरून पाइप चाचपत म्हणाला. "उद्या जाशील ना भूपेंदरकडे, बसवाले?"

"हो, बाबा," संघदीप म्हणाला. "जातो ना."

पुढचा रस्ता उखडलेला होता. बाबांच्या खांद्याला धक्के बसू नयेत म्हणून तो मोटारसायकल कडेकडेनं, हळूहळू घेत राहिला.